तांबडीचं झापड

घोड्याला आगीतून बाहेर काढायचं असेल तर आधी त्याचे डोळे बांधावे लागतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला हे कळलं. बाकीच्या बायकांना त्यांचे नवरे पहिल्या वर्षी काय सांगतात कोण जाणे, माझ्या नवऱ्यानं मला हे सांगितलं, आणि वर विचारलं, "तुझ्या मशीनवर घोंगडी शिवून निघेल का?"

आमचा तबेला अंधेरी स्टेशनाहून वर्सोव्याकडं जाणाऱ्या रस्त्याला होता. पन्नास सालच्या पुढची गोष्ट. बस सुरू झाली होती, पण टांगा अजून मेला नव्हता. तीन घोडे आणि एक घोडी, पुढं अंगण, अंगणात दगडी हौद, आणि पलीकडं आमच्या दोन खोल्या. मधूनमधून सिनेमाच्या स्टुडिओतून बोलावणं यायचं. पडद्यावर राजपुत्र ज्याच्यावर बसून दौडत गेला, तो आमचा पांढरा त्याच सकाळी वर्सोव्याला एका जाड्या वकिलाला सोडून आलेला असायचा. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. धंदा सासूबाईच बघायच्या. घोड्यांना त्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारापेक्षा सासूबाईंचा धाक जास्त, आणि मला तर घोड्यांपेक्षाही जास्त.

हे लढाईत खेचरांच्या तुकडीत होते. तिकडं कुठंतरी जंगलात रात्री गवताच्या छपराला आग लागली आणि दाव्याला बांधलेली जनावरं डोळ्यांदेखत गेली. दावी कापली तरी ती हलेनात. "जनावर भ्यालं की त्याला आपली जागाच सुरक्षित वाटते गं," हे म्हणायचे. "बाहेर ओढावं तर ते आत ओढतं." याच्यापलीकडं लढाईतलं कधी काही बोलले नाहीत. पण आमच्या तबेल्याचं छप्पर नारळाच्या झापांचं, माळ्यावर पेंढा, आणि कुंपणाला लागून लाकडाची वखार. येता-जाता यांची नजर त्या वखारीकडं जायची. शेवटी एक दिवस बाजारातून घोंगड्या घेऊन आले आणि माझ्यापुढं टाकल्या.

त्या घोंगड्यांनी माझ्या मशीनच्या किती सुया मोडल्या त्याचा हिशेब नाही. मी चिडायची. शेजारपाजारच्या बायका ब्लाउज शिवून घ्यायला यायच्या आणि मी घोड्याचं तोंड शिवत बसलेली. "बुरखे शिवतेस का गं घोड्यांना?" असं विचारून खिदळायच्या. यांना सांगितलं तर म्हणाले, "हसू दे. आग लागल्यावर विहीर खणायला आपल्याला जमायचं नाही."

झापड असं होतं: कपाळापासून नाकाच्या वरपर्यंत घोंगडी, डोळ्यांना भोक नाही. कानांवर वेगळ्या पिशव्या, कारण जाळाचा आवाज ऐकूनही घोडं बिथरतं. नाकावर मलमलीचा दुहेरी पडदा, ओला करायला. बकल एकही नाही, धातू तापतो. सगळं सुती नाड्यांनी बांधायचं, एका ओढीत सुटेल अशा गाठीनं. आतून अस्तर हवं होतं, तर सासूबाईंनी त्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढून दिलं. यांनी स्वतःसाठी घोंगडीचाच एक अंगरखा करून घेतला, कातड्याचे मोजे करून घेतले हातांचे, लष्करातले बूट तेल लावून ठेवले. हे सगळं तबेल्याच्या बाहेरच्या भिंतीला खुंट्यांवर, आणि खाली पाण्यानं भरलेलं पिंप. बुडवायचं आणि आत शिरायचं. खंडेनवमीला मी त्या झापडांनाही हळदकुंकू वाहिलं, तेव्हा हे चेष्टेनं म्हणाले, "वाहा, पण देवाला सांग, वापरायची वेळ आणू नको."

आता तांबडीबद्दल सांगायला हवं. तांबडी म्हणजे ती घोडी. मामंजींनी शेवटी शेवटी शिंगरू असताना आणलेली. आणली आणि वर्षाच्या आत ते गेले. सासूबाईंनी तिला दूध पाजून वाढवली. पोटच्या पोराला त्या कधी जवळ घेताना मी पाहिल्या नाहीत, पण तांबडीच्या मानेवर हात टाकून अर्धा अर्धा तास उभ्या राहायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. मला मेलीचा हेवा वाटायचा.

ही तांबडीच झापड घालू देईना. बाकीचे तिघे दोन-चार दिवस फुरफुरले आणि गप्प झाले. ही मान वर टाकायची, भिंतीला अंग घासायची. मोतद्दार म्हातारा होता, त्याला तिनं एकदा कोपऱ्यात दाबलाच. हे हात टेकायच्या बेतात आले होते. मग सासूबाई पुढं झाल्या.

सासूबाईंचं माहेर साताऱ्याकडचं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि मग पाणी, ही त्यांच्या घरची रीत त्यांनी अंधेरीतही सोडली नव्हती. पोस्टमन असो, वखारीचा शेठ असो, गूळ हातावर पडल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. टांगा फिरून आला की घोड्यांनाही तेच. "गाढवाला गुळाची चव नसंल," त्या म्हणायच्या, "घोड्याला असती." त्यांनी तांबडीच्या ठाणाशी, गव्हाणीपाशी उभं राहून हातावर गूळ धरला आणि यांना म्हणाल्या, "घाल तिला, आन् आण फिरवून. बाहेर जाऊन आली की माझ्याकडनं गूळ."

आणि तांबडी शहाण्यासारखी तयार झाली. झापड घालायचं, ठाणावरून दाराबाहेर, अंगणात हौदाला एक फेरी, आणि परत ठाणावर. तिथं सासूबाई उभ्या. तांबडी तोंड पुढं करायची, तळहातावरचा गूळ ओठांनी उचलायची, आणि मगच झापड सुटायचं. डोळ्यांनी काही दिसत नसताना ती हौदाला वळसा घालून बरोबर आपल्या गव्हाणीशी येऊन थांबायची. पुढंपुढं तर मोतद्दार दोर नुसता हातात धरायचा, ओढायची गरजच नसे. हे इतके खूश झाले की बाकीच्यांनाही तसंच शिकवलं. दर रविवारी संध्याकाळी चंदी-दाण्याच्या आधी आमच्या अंगणात हा खेळ चालायचा. कुंपणापलीकडून वखारीचे हमाल बघायचे. मीही पदराला हात पुसत बघायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, सुया मोडल्या त्या वाया गेल्या नाहीत.

बाहेर काढलेलं जनावर परत आत आणायचं नाहीतर न्यायचं कुठं? तबेला हेच त्याचं घर. यात वावगं काही आहे असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आणि आलं असतं तरी सासूबाईंना कोण सांगणार होतं की गूळ देऊ नका.

आग वैशाखात लागली, भर दुपारी. उन्हामुळं गिऱ्हाईक नव्हतं, चारही जनावरं आत होती. मी कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या राखायला ओसरीवर बसले होते. आधी वास आला. मग वखारीच्या बाजूनं आरडाओरडा. कुणाची विडी म्हणतात, कुणी आणखी काही म्हणतात, ते कधीच कळलं नाही. बघता बघता जाळ कुंपणावरून आमच्या छपराच्या झापांवर आला.

हे झोपेतून उठून धावले. पण एक सांगते, गडबड म्हणून केली नाही. अंगरखा पिंपात बुडवला, घातला. बूट, मोजे. नाकाला ओला पंचा. झापडं भिजवून खांद्यावर टाकली आणि आत गेले. मोतद्दार दाराशी, मी आणि सासूबाई अंगणात. ठरलं होतं की हे बाहेर आणतील, मोतद्दार जनावर धरून फाटकातून रस्त्यावर नेईल. त्यातही हे पहिल्यांदा तांबडीला आणणार हे न बोलता ठरलेलंच होतं.

आणली. झापड घट्ट बसलेलं, कातडी ओली, कुठं डाग नाही. ती घाबरलेली दिसली नाही. सासूबाईंच्या तोंडून हुंदका निघाला, त्यांनी दोन्ही हात जोडले. मलाही वाटलं, जिंकलो. यांनी दोर मोतद्दाराच्या हातात दिला आणि पांढऱ्यासाठी परत आत वळले.

मोतद्दार तिला फाटकाकडं घेऊन निघाला. हौदापाशी ती वळली. त्यानं दोर खेचला, पण तिनं मान खाली घालून हौदाला पुरता वळसा घातला, रविवारी घालायची तसा, आणि तबेल्याच्या दाराकडं चालू लागली. म्हातारा दोराला लोंबकळत फरपटत गेला, पडला. मी ओरडले. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या हात पुढं करून, तळवा उघडा करून, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "हिकडं ये," म्हणाल्या, "बाळा, हिकडं ये, मी हितं हाय." पण कानांवर मीच शिवलेल्या पिशव्या होत्या.

ती सावकाश आत गेली.

पांढऱ्याला घेऊन हे बाहेर आले तेव्हा मोतद्दारानं सांगितलं. पांढऱ्याचा दोर माझ्या अंगावर फेकून हे परत आत गेले. मी पांढऱ्याला धरून रस्त्यावर नेला, कसा ते आठवत नाही. कुणीतरी येऊन त्याला माझ्याकडून घेतला. बाकीचे दोघे मागच्या बाजूनं वखारीच्या हमालांनी भिंत पाडून ओढले. मग माळा खाली आला. यांना त्याच हमालांनी बाहेर काढलं. अंगरख्यानं अंग वाचवलं होतं, बुटांनी पाय वाचवले होते. हातांचे मोजे मात्र हातांवर नव्हते. झापडाची गाठ भिजून आवळली होती, तिला मोजे घालून बोटं लागत नव्हती, म्हणून काढले होते.

मोतद्दार नंतर कितीतरी दिवस एकच सांगायचा. "वहिनी, पळाली असती तर मी मेलो तरी धरली असती. ती पळाली नाही हो. ती निघाली."

हे बरेच दिवस हॉस्पिटलात होते. दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. मी भात कालवून भरवायची. एक दिवस घास तोंडात असतानाच थांबले आणि म्हणाले, "ठाणावर उभी होती. वरून निखारे पडतायत आणि ही गव्हाणीशी तोंड पुढं करून उभी. मी झापड सोडलं, ढकललं, मारलं तिला. हलेना." मग घास गिळला. "आईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग आला होता. यांचा, त्यांचा, गुळाचा, त्या मुक्या जनावराचासुद्धा. कुणावर तरी काढावा असं फार वाटायचं. पण घरी आले की सासूबाई जळक्या तबेल्याच्या जागेकडं पाठ करून ओसरीवर बसलेल्या दिसायच्या आणि माझी जीभ रेटत नसे. त्यांनीही मला कधी काही विचारलं नाही.

यांना घरी आणलं तेव्हा पांढऱ्याचाच टांगा होता. दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. मोतद्दारानं यांना दंडाला धरून ओसरीवर बाजेवर बसवलं. हात तसेच गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले. सासूबाई आतून पाणी घेऊन आल्या. तांब्या आणि वर फुलपात्र. बाकी काही नव्हतं. त्यांनी फुलपात्र भरलं आणि पाजायला लेकापुढं वाकल्या.

आधी गूळ, मग पाणी. जन्मभराची सवय ती. यांनी डोळे मिटले होते. यांनी तोंड पुढं केलं, ओठ जरासे उघडले, आणि वाट बघत तसेच थांबले.

सासूबाई त्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग फुलपात्र त्यांनी हळूच खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. पाणी मीच पाजलं.