तापतं ते खरं

स्वतःच्या डोळ्यांवर काडीचाही विश्वास नसलेला खगोलशास्त्रज्ञ या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो नेपरव्हिलमध्ये बरोबर माझ्या घरासमोर राहतो. आमचे हे समोरचे काका मूळचे नागपूरचे. तिथल्या सायन्स कॉलेजातून शिकून चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आले आणि तेव्हापासून धुळीने भरलेल्या दीर्घिकांच्या मागे लागले आहेत. या दीर्घिका म्हणे साध्या दुर्बिणीतून अगदीच मलूल दिसतात. आत मात्र नवे तारे इतक्या घाईने जन्मत असतात की विचारू नका. त्यांचा उजेड धूळ पिऊन टाकते, स्वतः तापते आणि ती ऊब इन्फ्रारेडमध्ये बाहेर सोडते. म्हणजे डोळ्यांना अंधार आणि ऊब मोजणाऱ्या यंत्राला दिवाळी. उभा जन्म असल्या मंडळींच्या संगतीत काढल्यावर माणसाचं जे व्हायचं ते काकांचं झालेलं आहे. "दिसतं ते सोड पोरी, तापतं काय ते बघ," हे त्यांचं वाक्य मी राहायला आले त्याच दिवशी ऐकलं. विषय माझ्या फ्रीजचा होता.

कुठल्याही वस्तूला काका आधी उजव्या हाताची मागची बाजू लावतात. चहाचं भांडं, लॅपटॉप, कुकर, आजारी माणसाचं कपाळ, कशालाही. त्यातून गाडीचं बॉनेट तर फारच आवडीचं. एका संक्रांतीला इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष हॉलच्या दारात सगळ्यांना सांगत होते, "अरे, मी केव्हाचा आलोय, तासभर झाला, तुम्हीच सगळे लेट!" काका शांतपणे बाहेर बर्फात गेले, अध्यक्षांच्या गाडीवर हात ठेवून परत आले आणि तिळगूळ घेता घेता म्हणाले, "पाच मिनिटं. फार तर सहा." तेव्हापासून अध्यक्ष गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावतात आणि बर्फातून चालत येतात.

बरं, इतका मोठा खगोलशास्त्रज्ञ, तर आकाश तरी येत असेल? नाव नको. रात्री नऊला झोपणारा माणूस तो. त्यांच्या दुर्बिणी अवकाशात, आकडे कॉम्प्युटरवर, मग गच्चीत जाऊन मान मोडून घ्यायची काय गरज, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. एकदा मंडळातल्या मुलांना संध्याकाळी आकाश दाखवायला त्यांना गळ घातली. काकांनी पश्चिमेला बोट करून शनीवर दहा मिनिटं सुंदर माहिती सांगितली. माहिती सगळी बरोबर होती. फक्त शनी हळूहळू मोठा झाला, त्याला दोन दिवे फुटले आणि तो विमानतळाच्या दिशेने उतरायला लागला. "अंकल, युअर सॅटर्न इज लँडिंग," एक मुलगी म्हणाली. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी सांगतच होतो, डोळ्यांचं काही खरं नसतं."

पण हसता हसता थांबावं लागतं, कारण याच वेडापायी आमच्या गल्लीतली एक म्हातारी आज जिवंत आहे. बर्फ पडून गेला की काका फुटपाथवर उभे राहून घरांची छपरं न्याहाळतात. कुणाच्या छपरावरचा बर्फ लवकर वितळला, म्हणजे कुणाच्या घरातली ऊब वरून गळते आहे, याची त्यांना खडानखडा माहिती. एका जानेवारीत कोपऱ्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या खिडकीत दिवा होता, टीव्ही चालू होता, सगळं ठीक दिसत होतं. काकांनी मात्र मला हाक मारली. "त्या छपरावरचा बर्फ दोन दिवस हललेला नाही. दरवर्षी सगळ्यांत आधी तिचाच वितळतो." आम्ही दार वाजवलं. हीटिंग बंद पडलं होतं आणि बाई तीन पांघरुणांखाली कुडकुडत, कुणाला त्रास कशाला द्या म्हणून गप्प पडून होत्या. काकांनी त्यांना आमच्या गाडीत बसवलं आणि आधी हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली. त्या दिवसापासून मी काकांच्या हाताची चेष्टा जरा बेतानेच करते.

आकाशातल्या धुळीवर पोट भरलेला हा माणूस घरातल्या धुळीचा मात्र वैरी आहे. रोज सकाळी व्हॅक्यूम फिरतो. पूर्वी हे काम काकूंचं होतं, आता काकूंना आठवत नाही. काकूंना आता बरंच काही आठवत नाही. त्याही नागपूरच्या, त्याच कॉलेजातल्या, आणि लग्नानंतर काही वर्षं काकांच्याच संशोधनात होत्या. त्या काळात दोघांचं एका दीर्घिकेवरून भांडण झालं होतं. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळून झालेला तो एक झगझगीत, धुळकट ढीग. अशा टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत, वायू मात्र दाबला जातो आणि ताऱ्यांची खाण उघडते. काकांचं म्हणणं, टक्कर केव्हाच संपली, आत गाभा एकच उरलाय. काकू म्हणायच्या, अजून दोन आहेत, धुळीआड एकमेकांभोवती फिरताहेत. छापील चित्राच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "दोन?" काकांनी त्यावर लाल पेनने काट मारली. संशोधनाचा पेपर छापून आला, गाभा एक, लेखक एक. पुढे मुलगी झाली, काकू कॉलेजात गणित शिकवायला लागल्या आणि दीर्घिकांचं नाव त्यांनी घरात पुन्हा काढलं नाही. तो लाल काट मारलेला कागद काकांनी स्वतः मला दाखवला होता. इतकी वर्षं जपून ठेवलेला.

मागच्या हिवाळ्यात नव्या अवकाश दुर्बिणीने घेतलेलं त्याच दीर्घिकेचं चित्र आलं. काकांनी मला बोलावून स्क्रीनकडे बोट केलं. चित्रात दोन ठिपके होते. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही मोजता आले.

"काकूंना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही अजून. एरर ॲनालिसिस बाकी आहे, मोजण्यात चूक किती ते."

मला वाटलं, आठवडाभरात सांगतील. महिना गेला. "एकदा पुन्हा चेक करतोय." दुसरा महिना गेला. "नव्या पेपरचा ड्राफ्ट होऊ दे. तिचं नाव पहिलं टाकतोय. छापून आला की हातातच देतो." तीनदा मोजल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. आणि इकडे काकू मला कधी मुलीच्या नावाने हाक मारत होत्या, कधी नुसत्याच हसत होत्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हाच माझा धंदा, पण असली चूक मी पाहिली नव्हती. शेवटी माझा तोल गेला.

"काका, माफी मागायची आहे ना तुम्हाला? त्यात एरर ॲनालिसिस कसलं करताय? पेपर येईल तेव्हा वाचणारं माणूस असेल का घरात?"

काका लॅपटॉपला हाताची मागची बाजू लावून उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार. पण त्यांनी लॅपटॉप उचलला, दुसऱ्या हातात तो जुना कागद घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेले. तिथे खिडकीपाशी उन्हात काकू बसल्या होत्या. त्यांच्या खुर्चीजवळ काका चक्क जमिनीवर बसले.

"हे बघ जरा. किती आहेत?"

काकूंनी चष्मा सावरला. पोरांचे पेपर तपासायच्या तशा खाली वाकून पाहिलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दोन आहेत की. एक कोण म्हणतं?"

"मी म्हणालो होतो," काका म्हणाले. "तू दोन लिहिलं होतंस. मी काट मारली. चुकलो."

काकूंनी कागदावरची स्वतःची पेन्सिल पाहिली. ओळखली की नाही, देव जाणे. काकांना तरी त्या घडीला ओळखत होत्या की नाही, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं इतक्या अदबीने त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "मध्ये धूळ फार होती."

काकांनी हाताची मागची बाजू काकूंच्या गालाला लावली आणि चहा गार झाला असेल म्हणून उठले. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पेपर अजून छापून आलेला नाही. त्यात पहिलं नाव काकूंचं आहे. काकू आता मुलीच्या घराजवळच्या, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रात असतात, आणि काका रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जातात. बर्फ पडला की मी कामाला बसण्याआधी समोरच्या काकांच्या छपराकडे बघते. या वर्षी तिथला बर्फ जरा जास्त दिवस टिकतो. मग मी उगाचच दार वाजवते आणि चहा मागते.