निळा स्वेटर
माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं, माफी असावी. लोकरीचा वास आला की बहरीनमधल्या माहूज भागातला तो फ्लॅट आठवतो. तिथे मी घरकामाला होते. घरच्या मालकीणबाई, ताई, डाएटवर होत्या. दिवसभर काकडी खात पुस्तक वाचायच्या. मला बहीण म्हणायच्या, म्हणून त्यांच्या कॅनडातल्या नातीसाठी मी स्वतः लोकर आणून स्वेटर विणला. एप्रिल सरता सरता तिकडे बर्फ पडला, आणि नात तो स्वेटर घालून फोनवर नाचायला लागली. “आजी, हू मेड इट?” “मीच गं बाळा, डोळे फोडून विणला!” मी मागेच भाजी चिरत होते. फोन ठेवल्यावर ताईंनी लोकरीचे सगळे दिनार माझ्या हातावर ठेवले. “घे, हिशेब खलास.” बहिणीशी कुणी असं वागतं का, हे तेव्हा विचारता आलं नाही, आज लिहिते आहे. पैसे मात्र पूर्ण मिळाले.