हजाराच्या आतला मीटर

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगार वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते असे कोणाला तरी गाठून सांगावे लागतात.

घोडेगावात माझं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी तिथे आम्ही चौघं जमतो. निवृत्त विज्ञान शिक्षक गोरडे सर, तळेघरला भातशेती करणारे लक्ष्मणभाऊ, शिनोलीच्या कल्पनाताई आणि मी. चौघांनाही इलेक्ट्रॉनिक्सचं खूळ. कोणी रेडिओ जोडतं, कोणी पाण्याच्या टाकीचा अलार्म बनवतं. एका महिन्यात मात्र हे सगळं बाजूला पडलं, कारण कल्पनाताईंना व्होल्ट, करंट मोजायचा मल्टिमीटर घ्यायचा होता.

त्यांच्या गावातले सौर दिवे बंद पडले होते. ग्रामपंचायतीनं ताईंना सांगितलं, पुण्याहून कंपनीचा माणूस येतोय, त्याच्यासमोर एक दिवा तपासून दाखवा. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं. अट एकच, साहित्य स्वतःचं पाहिजे. ताई तोवर माझाच मीटर वापरायच्या.

ताईंना त्या कामापेक्षाही दुसरीच गोष्ट हवी होती. त्या घरी मिक्सर दुरुस्त करून द्यायच्या, तर लोक नेताना म्हणायचे, "एकदा मिस्टरांना दाखवून घ्या." मिस्टर टेम्पो चालवतात. त्यांना फ्यूजसुद्धा बदलता येत नाही!

*

बजेट हजाराच्या आत. साहजिकच सगळ्यांनी मला विचारलं, मीटर कसा बघायचा. मी अनुभवी ना!

माझा अनुभव असा. माझा पहिला मीटर पिवळा, सगळ्यात स्वस्त. करंट मोजताना त्याची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालायची आणि काम झालं की परत व्होल्टच्या भोकात. मी हे दुसरं विसरलो आणि तशाच वायरी घरच्या बोर्डात खुपसल्या. फाट्दिशी आवाज झाला, वायरीचं टोक वितळलं आणि घरभर अंधार.

आतून बायकोनं विचारलं, काय करताय. मी म्हटलं, लाईट आहे का बघत होतो.

"होती," ती म्हणाली.

*

मीटर घ्यायला आम्ही आळेफाट्याला गेलो. दुकानदारानं पाच मीटर काउंटरवर मांडले आणि सगळ्यांची सारखीच तारीफ केली.

लक्ष्मणभाऊंची एक सवय आहे. हिरडा विकायला जाताना ते पिशवीत एक मोजलेला दगड नेतात. आधी काट्यावर दगड, मग हिरडा. त्यामुळे कोणी व्यापारी त्यांच्याशी काट्याचा खेळ करत नाही. त्या दिवशी त्यांनी खिशातून एक नवा सेल काढला आणि पाचही मीटरवर लावून पाहिला. चार मीटरनी दीड व्होल्टच्या आसपास सांगितलं. पाचव्यानं पावणेदोन!

दुकानदार म्हणाला, तुमचा सेलच खराब असेल.

"शेल एकच हाय राव, मीटर पाच हायेत," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "ह्यात खोटं कोण बोलतंय, तुमीच सांगा."

पाचवा मीटर गुपचूप ड्रॉवरमध्ये गेला.

*

राहिले चार. आता गोरडे सर पुढे झाले. मीटरच्या तोंडावर हजार व्होल्ट छापलंय म्हणून सर विश्वास ठेवणारे नव्हेत. त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागची झाकणं उघडायला लागले. दुकानदार हो-हो-हो करत धावला, पण तो सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. सरांना ओळखताच त्याचे हात जागच्या जागी थांबले.

दोन मीटरमध्ये फ्यूजच्या जागी नुसता तारेचा तुकडा डकवलेला. म्हणजे माझ्यासारख्या विसरभोळ्याच्या हातात पडले तर संपलंच. सरांनी शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढून दोन्ही खोक्यांवर फुली मारली.

"नापास," सर म्हणाले.

विद्यार्थ्यानं खोकी उचलली.

*

शेवटी उरले दोन. ताईंनी दोन्हींच्या वायरी एकमेकींना टेकवून पाहिल्या. वायर तुटलेली नसली की मीटर पिंऽ करून सांगतो. एक टेकवल्याबरोबर वाजला. दुसरा थोडा विचार करून वाजला.

ताईंनी दुसरा बाजूला सारला. "हाक मारल्यावर ओ द्यायला येळ लावतोय. घरी एक हाय तसला, आनखी नको."

*

ठरलेल्या दिवशी शिनोलीत खांबाखाली अर्धं गाव जमलेलं. कंपनीच्या माणसाचा मीटर इतका भारी होता, की मी मनातून जरा खचलोच. त्यानं खांबाच्या बुडाशी असलेली पेटी उघडली, आतल्या बॅटरीला मीटरच्या वायरी लावल्या. साडेबारा व्होल्टच्या वर आकडा आला. तो म्हणाला, बॅटरी उत्तम आहे, वरचा दिवाच बदलावा लागेल.

सरपंचांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी त्या माणसाला वायरी तशाच धरून ठेवायला सांगितल्या. मग पंचायतीच्या शिपायाला शिडीवर चढवलं आणि वरच्या सौर पॅनलवर गोणपाट टाकायला लावलं.

पॅनलला अंधार झाला, की दिव्याला वाटतं संध्याकाळ झाली. अर्ध्या मिनिटानं भर दुपारी दिवा लागला आणि त्या माणसाच्याच भारी मीटरवरचा आकडा घसरू लागला. अकरा, दहा, आठ. दिवा विझला.

"बॅटरी बसलीये," ताई म्हणाल्या. "नुसती बघितली तर धट दिसती, वझं टाकलं की बसती. दिवा चांगला हाय."

त्या माणसानं गाडीतून दुसरी बॅटरी आणून जोडली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, ताईंचं बरोबर आहे. सरपंच म्हणाले, उद्यापासून काम सुरू करा. मला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायच्या ऐवजी मी उगाचच चष्मा पुसला.

मग सरपंचांना अट आठवली. "पण ताई, तुमचा स्वतःचा मीटर कुठंय?"

ताईंनी पिशवीतून खोकं काढून दाखवलं. दुकानदारानं परत गुंडाळून दिलेला प्लास्टिकचा कागदसुद्धा सोडलेला नव्हता.

"ह्यांच्या मीटरवर दिसत व्हतं की. माझा नवा हाय, उगा कशाला काढायचा?"