ती आंबटाचं बघती

कन्नडच्या स्टँडवर आबांनी माझी पिशवी उघडली, खव्याच्या डब्याशेजारची चिंचेची पुडी काढली आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकली. "दुधाच्या वस्तूजवळ आंबट ठिवायचं नाय, बाई." आई कुरकुरली, "अवो, पोरगी जर्मनीला चालली, तिथं चिंच कुठली?" पण आबांचा जन्म शेळ्या-मेंढ्यांत गेला, दुधाच्या भांड्याला त्यांनी कधी आंबट शिवू दिलं नाही. संभाजीनगरची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीतून हसत होते. आबा मात्र रडले.

आणि गंमत बघा, इथं येऊन मी काय करते? आपल्या प्रत्येक पेशीभोवती सायीहून कितीतरी पातळ, तेलकट पडदा असतो. तो संगणकात रचायचा, भोवतालच्या पाण्यात आम्ल वाढवायचं, आणि कुठं कण घट्ट बिलगतात, कुठं फट पडते ते बघायचं. सेकंदाचा लाखावा हिस्सा बघायला मशीन आठवडाभर घरघरतं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. फोनवर हे ऐकून आबा लई खूश. पारावर कुणी "पोरगी डाक्टर झाली व्हय?" विचारलं की म्हणायचे, "सुई टोचणारी नाय. ती आंबटाचं बघती."

म्हणूनच त्या संध्याकाळी त्यांनी फोन करून मला विचारलं. छातीत जळजळतंय, घाम सुटलाय, दुपारी ठेचा जास्त झाला. मागून आई म्हणत होती, जीप दारात उभी आहे, कन्नडला दवाखान्यात जाऊ. माझं संगणकातलं सिम्युलेशन नुकतंच बंद पडलेलं, मीटिंग तोंडावर. मी म्हटलं, "आबा, पित्त आहे. खायचा सोडा घ्या पाण्यातून, अन् पडा जरा."

"हां, मग झालं. तुझ्याहून जास्त कोण जाणतंय?" म्हणाले, आणि जीप परत पाठवली.

ते पित्त नव्हतं. हृदय होतं. त्याच रात्री आबा गेले.

घाम सुटलाय, हे मी या कानांनी ऐकलं होतं. माझ्या पडद्याला ना छाती, ना घाम. माणसाच्या दुखण्यातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. तरी किती ठामपणे बोलले मी!

तिसऱ्या दिवशी मी गावी पोचले. अंथरुणाशी सोड्याची फोडलेली पुडी अजून तशीच पडली होती. आईनं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तू सांगितलं तसंच केलं बघ त्यांनी. दोनदा घेतला."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपल्याला सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं, आणि आपण ते वाटू देतो. मी वाटू दिलं. पहिल्यापासून चालवायला आबा काही सिम्युलेशन नव्हते.

परवा आईचा फोन. "बाई, पाठीत चमक भरतीय. काय घिऊ?" मी ओरडलेच, "मला इचारू नको! जीपवाल्याला बोलव!" गेली बिचारी. पण पुढच्या खेपेला पुन्हा मलाच विचारणार, ठाऊक आहे.

माझ्या शब्दावर डोळे झाकून चालणारं एक माणूस अजून जिथं राहतं, ते माझं घर. तिथून फोन आला की मी आधी जीपवाल्याचा नंबर काढून ठेवते.