डॉक्टरीणबाई, जावई आणि दहा फेऱ्यांची पैज

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जावयाच्या गाडीचे ब्रेक मुद्दाम बिघडवले, अशी कुजबुज लोकांनी केली. तीही त्यांच्याच दवाखान्याच्या बाकड्यावर, गाल धरून. सुजलेल्या तोंडानेही माणूस किती बोलतो, ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही.

बाई साठी ओलांडलेल्या. चाळिशीत त्यांनी एक गंजकी, बिनटपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेतली, चकचकीत केली आणि हौशी लोकांच्या शर्यतीत पळवायला लागल्या. सोमवारी पेशंटने आ केला की कालची शर्यत सुरू. वळण न् वळण, गिअर न् गिअर. हरकत घ्यायची तर समोरच्याच्या तोंडात त्यांची दोन बोटं.

लेकीच्या जिवाला मात्र घोर. या गाडीत ना एअरबॅग, ना घसरताना सावरणारं यंत्र. तिने या गाडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. जावयाने नवीकोरी स्पोर्ट्स कार घेतलेली. ती गाडी सगळं आपलं आपण सांभाळते, हे तो प्रत्येक घासाला सांगायचा. शेवटी जेवणाच्या टेबलावरच पैज लागली. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत जावई पुढे राहिला, तर जुनी गाडी विकायची. बाईंनी हात पुसत होकार दिला, जणू कुणाचा हलणारा दात काढायचा होता.

सरळ रस्त्यावर जावई बघता बघता दिसेनासा व्हायचा. वळणांवर बाई त्याला गाठायच्या. यांची गाडी हलकी, त्याची जडशीळ. पण अर्धी शर्यत होते न होते तोच बाई एकदम संथ झाल्या. म्हातारी दमली, असं कठड्यापाशी सगळ्यांनी ठरवून टाकलं. लेकीने गिऱ्हाइकाला फोन लावायला मोबाईलही काढला. पुढच्या फेरीला बाई पुन्हा सुसाट.

आणि आठव्या फेरीत जावयाने वळणाआधी ब्रेक दाबला, तर पाय खाली जातच राहिला. गाडी गवतात. बाई शेजारून पुढे निघून गेल्या. गाडी बाहेर काढून रखडत येईपर्यंत पैज आटोपली होती.

हेल्मेट काढत तो म्हणाला, "आई, माझ्या ब्रेकना काय केलंत तुम्ही?"

"जावईबापू, मधली ती फेरी मी काय हवा खायला हळू काढली?"

"मला वाटलं, दमलात."

"माझे ब्रेक दमले होते. जुनी गाडी तसं पायाला सांगते. तुमची फार सुसंस्कृत, मालकापाशी शेवटपर्यंत तक्रार करत नाही."

पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत त्यानेही मधे एक फेरी हळू काढली आणि बाईंना आरामात मागे टाकलं. नवी गाडी वेगवान आहेच, बाई खुशाल कबूल करतात. पैज त्या दिवसाची होती. लेकीने जुन्या गाडीला नवे सीटबेल्ट बसवून घेतले आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

कठड्यापाशी उभ्या असलेल्या एकाने मात्र जावयाचा तेवढा प्रश्न ऐकला आणि उत्तराला न थांबता निघून गेला. बाकड्यावर पोचला तो प्रश्नच.

जावयाच्या गाडीला कुणीही हात लावला नव्हता. एकाही फेरीत उसंत न देता त्यानेच ब्रेक तापवले होते.