रंग बोल

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मास्तरांचा विषय निघाला की त्यांची शिस्त सांगायचो, त्यांच्या घरच्या सांदणांची आठवण काढायचो आणि तिथेच थांबायचो.

मास्तर रत्नागिरीकडचे. कुवेतला येण्याआधी कॉलेजात शिकवत, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांचे मास्तरच. धातूंच्या क्लोराइडवरून क्लोरीन ट्रायफ्लोराइड वायू नेऊन फ्लोराइड बनवणं हे आमचं काम. ओल सापडली की हा वायू भडकतो. निकेलच्या नळ्यांतून मास्तर आधी तो थोडा थोडा सोडत आणि आतून फ्लोराइडचा पातळ थर धरू देत. "पाहुणा तापट आहे," म्हणायचे, "आधी अंगण सारवून घ्या."

दुसरा नेम रंगाचा. कोबाल्ट क्लोराइड कोरडं असलं की निळं, ओल धरली की गुलाबी. नळी भरणाऱ्याने रंग मोठ्याने सांगायचा, मगच मास्तर आडोशामागून व्हॉल्व्ह उघडणार. स्वतः येऊन बघत नसत. मीच बघायचं तर तुझा शब्द कशाला, म्हणायचे.

त्या गुरुवारी हवा दमट होती. मी फोनवर बोलत राहिलो आणि क्लोराइडची बशी उघडी राहिली. कडेला गुलाबी झाक आली. पुन्हा वाळवायचं तर संध्याकाळ गेली, आणि खैरानला समुद्रावर जायला मित्र खाली गाडीत थांबलेले.

"रंग बोल."

"निळा," मी म्हणालो.

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला आणि नळीचा सांधा फुटला. नळीजवळचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करायला मास्तर आडोशाबाहेर आले. मी वाचलो, त्यांचे डोळे गेले. चौकशीत मास्तरांनीच सांगितलं, "नळीतला थर माझ्याकडून कच्चा राहिला असेल." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

पुढे ते कुवेतमध्येच, रिग्गईला मुलीकडे राहिले. मी गेलो की नातीला सांगत, "हा बोलला की मला बघावं लागत नसे." ती मोबाइलमधून मान वर न काढता "ओके, नाना" म्हणे. मी चहा पीत राही.

गेल्या हिवाळ्यात मुलीने आम्हा दोघांना खैरानला नेलं. मास्तर पाण्याकडे तोंड करून बसले.

"रंग बोल रे."

"निळा." या वेळी ते खरं होतं. "मास्तर, त्या दिवशी..."

"काय?"

"वारा गार आहे म्हटलं. शाल देऊ?"

उन्हाळा लागायच्या आत मास्तर गेले. वाक्य काही मोठं नव्हतं. मास्तर, कडेला गुलाबी होतं. मी पाहिलं होतं. मला माफ करा.