महानंदाच्या हातांची सुट्टी

जुळे सोलापुरात घरोघरी भाकऱ्या थापणाऱ्या महानंदाला खाज सुटली, तेव्हा तिनं गल्लीला सांगितलं, "उष्णता झालीय." गल्लीनं मान डोलावली आणि गुपचूप दोन पावलं मागं सरकली. शेजारची शरणम्मा तेवढी दुपारी तिच्याच चादरीवर लवंडत राहिली. तिला गप्पांपुढं कसली भीती!

पण ज्यांच्या घरी ती रोज भाकऱ्या करायची, त्या उत्कर्षा मॅडमनी तिच्या बोटांच्या बेचक्यातले फोड पाहिले. "महानंदाताई, हात बरे झाले की या. तोवर दुसरी बाई बघते."

दुसरी बाई! एकदा दुसरीच्या भाकरीची सवय लागली, की महानंदाला कोण विचारतंय?

ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरूज आहे. गोळी आणि मलम, दोन्ही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. मलम मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर राहू द्या. आठवड्यानं पुन्हा दाखवा."

महानंदानं गोळी घेतली, चादरी उकळल्या, अंगभर मलम चोपडलं. तेवढ्यात नवरा, ईश्वरप्पा, यंत्रमागावरून आला. गड्याला भाकरी तव्यावरून ताटातच लागते. झालं! बाईनं हात स्वच्छ धुतले आणि पीठ मळायला घेतलं. मग नवऱ्यानंही गोळी घेऊन आपलं आपण मलम चोपडलं. तिचे हात मात्र कोरडेच राहिले.

आठवड्यानं अंग शांत, पण बोटांत नवे फोड. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, किडा बसलाय बेचक्यात, आणि मलम तिथलंच धुतलंत? एकट्या गोळीवर किती भार टाकायचा?"

दुसऱ्या खेपेला महानंदानं आदल्या दिवशीच कडक भाकऱ्या करून वाळवून ठेवल्या. ईश्वरप्पा आला, तर चूल थंड.

"गरम कुटं हाय?"

तिनं मलमानं पांढरे झालेले दोन्ही हात वर केले. "आज हातांना सुट्टी हाय. मोडून खावा, आन मग तुमी बी लावून घ्या."

त्या संध्याकाळी भाकरी मोडल्याचा कडाड आवाज शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला. त्यात रागही होता म्हणे.

काही दिवसांनी उत्कर्षा मॅडमनी तिची बोटं फाकवून उलटसुलट पाहिली आणि पिठाचा डबा पुढं सरकवला.

परतताना दारात शरणम्मा कोपर खाजवत बसली होती. "उष्णता लई वाढलीय की गं."

"उष्णता न्हाय, खरूज हाय. माझीच," महानंदा म्हणाली. "गोळी आन मलम दोन्ही घे. आन आधी भाकऱ्या वाळवून ठेव."